सांडव्यातल्या पिशव्या

बोटीत बसायला जाणाऱ्या प्रत्येकानं तलावाच्या बांधाची मागची बाजू एकदा तरी बघावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. प्रवासात बाकीही पुष्कळ काही झालं, ते थोडक्यात आटोपते.

तुळजापूर, नळदुर्ग आणि मग थोरल्या जाऊबाईंचं माहेर, असा बेत होता. बरोबर सासरेही होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तुळजापूरला देवीची मंचकी निद्रा, म्हणजे नवरात्राआधी देवी पलंगावर निजते तो काळ, चालू होती. रांग भराभर सरकली, पण गाडी लावायला जागा शोधताना जीव नकोसा झाला.

नळदुर्गला दुपार कशी गेली कळलं नाही. बोरी नदीला भरपूर पाणी होतं. किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांना जोडणारी बंधाऱ्याची भिंत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, 1613 सालची, काळ्या दगडाची. तिच्या पोटात पाणीमहाल आहे. आपण आत सज्जात उभं राहायचं आणि नर-मादी धबधब्यांचं पाणी बाजूनं कोसळताना बघायचं. तिथं गर्दी इतकी की सज्जात दोन मिनिटं धड उभं राहू देत नाहीत, मागून ढकलत राहतात. ओल्या पायऱ्यांवर लहान मुलांना पुढं सोडून आईबाप फोटो काढत होते, ते बघून फार संताप आला. अण्णा मात्र भिंतीवर हात ठेवून शांत उभे होते. म्हणाले, "दगडाच्या अंगावरून चारशे वर्षं पाणी गेलं तरी चालतं. मातीच्या अंगावरून चार तासही जाऊन चालत नाही." तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही.

तिथून तुळजापूर, बार्शी करत धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गेलो. बार्शीच्या पुढच्या रस्त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. व्याह्यांच्या घरी पोचायला रात्र झाली. तरी चूल पेटती होती. शेंगांची पोळी, तूप, आमटी आणि वर कुंथलगिरीचे पेढे. इतक्या उशिरा आलेल्या माणसांना इतक्या मायेनं वाढणारी घरं मराठवाड्यात अजून आहेत. मी चार दिवसांचं जेवण एका बैठकीत जेवले.

सकाळी मुलांना 'बोटिंग पॉइंट'वर न्यायचं ठरलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तलाव लहान आहे, बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला. व्याह्यांच्या आईनं त्याच्या कामावर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, असं त्या सांगायच्या म्हणे. म्हणजे हा बांध गावातल्या बायामाणसांनी उपाशीपोटी उभा केलेला आहे. आता त्याच्यावर पेव्हर ब्लॉकचा रस्ता, हृदयाच्या आकाराची सेल्फीची कमान, भेळ, कणसं आणि पायडलच्या रंगीत बोटी. रविवार होता, आसपासच्या गावांतून मोटारसायकलींची रीघ लागलेली. मुलं खूश. आमच्या भागात पाणी बघायला मिळणं हीच चैन आहे. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दिवसांत हंड्यासाठी रांगेत उभी राहिलेली मी बाई आहे. भरलेला तलाव बघून कुणाला आनंद होत असेल, तर तो मला पूर्ण कळतो.

अण्णा बोटीकडे आलेच नाहीत. ते बांधावरून चालत पलीकडच्या टोकाला, सांडव्याकडे, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं त्या जागेकडे गेले. बराच वेळ परतले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर सांडव्याच्या उंबऱ्यावर खताच्या पिशव्यांत मुरूम भरून आडवी भिंत रचलेली. मागं ताडपत्री, फटींत चिखल. अण्णांनी काठीनं मोजली, दीड फूट. पाणी पिशव्यांच्या वरच्या कडेला टेकलं होतं. आणि सांडव्याच्या पुढचा चर, ज्यातून जादा पाणी ओढ्याला जायचं, त्यात पत्र्याची एक टपरी उभी होती.

बोटी चालवणाऱ्या मुलाला विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, की एवढं पाणी वाढलं की फेब्रुवारीपर्यंत बोट चालते, नाहीतर दिवाळीनंतर धक्क्यापाशी गाळ लागतो. मुलगा वाईट नव्हता. गावातल्या चार पोरांचं पोट त्याच्यावर आहे. पण धंदा नीट व्हावा म्हणून तलावाचा गळा आवळला जातोय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

अण्णांनी तिथंच हिशोब समजावला. मातीच्या बांधाचा माथा सांडव्यापेक्षा काही फूट उंच ठेवतात. त्यातला काही भाग पुराचं पाणी सांडव्यावरून वाहायला आणि त्याच्या वर लाटांसाठी थोडी मोकळी जागा. समजा सांडव्यावरून चार फूट पाणी वाहू शकतं. त्यातलं दीड फूट अडवलं तर उरलं अडीच. वाटतं की पाणी थोडंच कमी जाईल. प्रत्यक्षात निम्मंच जातं, कारण पाण्याची जाडी कमी झाली की त्याचा वेगही कमी होतो. उरलेलं निम्मं तलावात चढत राहतं, आणि एकदा माथ्यावरून पलीकडे उतरलं की मागच्या उतारावरची माती खरवडत जातं. मग बांध फुटून खांड पडायला वेळ लागत नाही.

आम्ही मागच्या उतारानं खाली उतरलो. इकडे कुणीच येत नाही. वर गाणी लागलेली आणि खाली वेड्या बाभळी, घुशींची बिळं, पायथ्याशी लव्हाळ्याचा हिरवागार पट्टा. बांधाला लागून एका शेतकऱ्याचं सोयाबीन होतं, कडेला गोठा. तो बाहेर आला.

"काय बघायलाव, साहेब?"

"झिरप कुठं आहे?" अण्णांनी विचारलं.

त्या माणसाचा चेहराच बदलला. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नव्हतं बहुतेक. त्यानं आम्हाला लव्हाळ्यात नेलं. तिथं ताटलीएवढ्या जागेत पाणी खालून वर येत होतं आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं गोल आळं तयार झालं होतं. मग गोठ्याच्या कट्ट्याकडे नेलं. तिथं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. दर आठवड्याला तो त्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. जुन्या बाटल्यांचे तळ स्वच्छ होते. शेवटच्या बाटलीच्या तळाला नखाएवढा पिवळा थर बसला होता.

"पाणी येतंय त्याचं काय न्हाई," तो म्हणाला, "ते माझ्या आज्जाच्या काळापासनं येतंय. पण आता माती घेऊन यायलंय."

अण्णांनी ती बाटली उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिली. मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्यासाठी पायथ्याला दगड भरून पाण्याला वाट ठेवलेली असते. नितळ पाणी आलं तर भ्यायचं कारण नाही. गढूळ यायला लागलं म्हणजे बांधाच्या पोटातली माती कणाकणानं बाहेर पडते आहे, आत बोगदा होतो आहे. खात्यात यासाठी पाणी मोजायच्या खाचा असतात, नोंदवह्या असतात. इथं एक माणूस रिकाम्या बाटल्यांवर तेच काम करत होता, आणि त्याला कुणी पगार देत नव्हतं. मला तिथं उभं राहून रडू आलं. त्याच्या गोठ्यात दोन म्हशी, शेळ्या, घरात सून बाळंत झालेली.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. पण तो कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू, आणि दहा ते पंधरा मीटरमध्ये काही अटी पुऱ्या करणाऱ्यांना. असे छोटे तलाव त्याच्या बाहेर राहतात. शंभर हेक्टरपर्यंत शेती भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. चिपळूणजवळचं तिवरे धरणही मातीचंच होतं. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. गळती असल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते.

त्याच संध्याकाळी व्याह्यांच्या ओसरीवर अण्णांनी अर्ज लिहिला. पिशव्या काढा, चरातली टपरी हलवा, बांधावरची झाडं तोडून बिळं बुजवा, झिरपेच्या जागी वाळू आणि खडीचा थर द्या म्हणजे पाणी जाईल आणि माती अडेल. ग्रामपंचायतीत आणि तालुक्याला प्रती दिल्या. तालुक्याच्या त्या खोलीत आम्हाला बसा म्हणालं नाही कुणी. सत्तरी ओलांडलेला माणूस बाटली हातात घेऊन उभा होता.

आम्ही लातूरला परतलो आणि लगेच पाऊस सुरू झाला. सप्टेंबर 2025 चा तो पाऊस परंडा-भूमचे लोक विसरणार नाहीत. माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं होतं. त्या रात्री व्याह्यांचा फोन लागत नव्हता. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. पहाटे कळलं, की तो बाटल्यांवाला शेतकरी, व्याही आणि बोटीवरची तीच पोरं रात्री दोर बांधून सांडव्यात उतरली, विळ्यांनी पिशव्या फाडल्या आणि पाणी मोकळं केलं. पाणी माथ्याच्या हातभर खाली थांबलं. बांधाच्या मागच्या उताराचा एक तुकडा घसरला, बाकी टिकला. शेतकऱ्याचं सोयाबीन सांडव्याच्या पाण्यानं गेलं.

नंतर पंचनाम्याला माणसं आली, पिकाचा पंचनामा झाला. घसरलेल्या उताराचा झाला नाही. दिवाळीत बोटी पुन्हा सुरू झाल्या. पोरांनी पिशव्या परत लावल्या नाहीत, धक्काच लाकडी फळ्यांनी आत वाढवून घेतला. टपरी अजून चरातच आहे. तिच्यासाठी वेगळा अर्ज करा असं सांगितलं गेलं, म्हणून अण्णांनी तो गेल्या सोमवारी टपालानं पाठवला आहे. झिरपेवर खडी टाकायला गावानं वर्गणी काढली आहे, आम्हीही दिली. शेतकऱ्याची सून आता रोज सकाळी बाटलीचा फोटो अण्णांना पाठवते.