तुम्ही विचारलंत म्हणून : एका आमदाराची एवढी धास्ती कशाला?

नागपूरच्या काकांचं ठरलेलं वाक्य आहे. "अगं, आमदारच ना तो? चार वर्षं ओरडेल आणि पडेल. तू कशाला झोप घालवतेस?" इथे कॅलिफोर्नियात, आमच्या मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेतही हेच वेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतं. राज्याच्या विधिमंडळातल्या कुणी वाचाळ माणसाने काहीतरी भयंकर विधेयक आणलं आणि मी तळमळले, की हमखास. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सविस्तर सांगते. त्यासाठी जॉन ब्रिग्ज या इथल्या जुन्या आमदाराची गोष्ट सांगावी लागेल.

२०१६ पर्यंत हे नाव मी ऐकलंही नव्हतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात मी पहिल्यांदा मत दिलं. मतपत्रिका टपालाने घरी आली, आणि तिच्याआधी आली ती सरकारी माहितीपुस्तिका : २२४ पानं, १७ प्रस्ताव. कुकरच्या शिट्ट्या मोजत, हायलायटर घेऊन, बारावीच्या परीक्षेसारखी मी टेबलापाशी बसले. प्रस्ताव ६२ : मृत्युदंड रद्द करावा का? प्रस्ताव ६६ : मृत्युदंडाची अपिलं लवकर निकाली काढावीत का? आता रद्द करायचं ते नक्की काय, हे शोधत मागे गेले, तर १९७८ चा कायदा आणि त्याच्यामागे हा माणूस.

ब्रिग्ज रिपब्लिकन, ऑरेंज काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) फुलर्टनचा. दहा वर्षं असेंब्लीत, म्हणजे खालच्या सभागृहात, काढून १९७७ मध्ये राज्याच्या सिनेटवर गेला. (इथला राज्य सिनेटर म्हणजे आपल्या हिशेबाने आमदारच, फक्त वरच्या सभागृहातला, त्यालाही लोकच थेट निवडून देतात.) सभागृहात त्याचं वजन फारसं नव्हतं, पण डोळा गव्हर्नरपदावर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्रिपदासारख्या खुर्चीवर होता. आणि कॅलिफोर्नियात १९११ पासून एक वाट आहे. रेल्वे कंपनीच्या खिशातल्या विधिमंडळाला शह द्यायला सुधारकांनी ती काढली होती. ठरावीक सह्या गोळा करा आणि कायदा थेट जनतेच्या मताला टाका. आपल्याकडे एकट्या आमदाराचं अशासकीय विधेयक बहुधा कागदावरच राहतं. ब्रिग्जला ती अडचण नव्हती.

१९७७ च्या जूनमध्ये मायामीत अनिता ब्रायंट या गायिकेने मोहीम चालवून समलिंगींना भेदभावापासून संरक्षण देणारा स्थानिक नियम मतदानाने रद्द करून घेतला. ब्रिग्ज तिथे हजर होता. लोकांच्या भीतीला मतं पडतात हे पाहून परतला आणि प्रस्ताव ६ मांडला : सरकारी शाळांतून समलिंगी शिक्षकांना काढा. मसुदा मात्र त्याहून लांब हात घालणारा होता. समलिंगी असणंच कशाला, समलिंगी वर्तनाचं उघड समर्थन केलं तरी नोकरी जाऊ शकत होती. म्हणजे स्टाफरूममध्ये सहकाऱ्याची बाजू घेणारी, दोन मुलांची आई असलेली गणिताची बाईसुद्धा. मी स्वतः शाळेत शिकवते. तो मसुदा वाचताना मी आमच्या स्टाफरूममधल्या गेल्या महिन्यातल्या गप्पा आठवून बघितल्या. त्या कायद्याखाली आमच्यापैकी निम्म्या जणी घरी बसल्या असत्या.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क ब्रिग्जला गावोगाव वादात भिडले. सुरुवातीला जनमत चाचण्यांत प्रस्ताव चांगलाच पुढे होता. मग त्याच्याच पक्षाचे माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन विरोधात उभे राहिले. त्यांचा मुद्दा मला अजूनही अचूक वाटतो : कमी गुण पडले म्हणून चिडलेल्या एखाद्या मुलाने शिक्षकावर खोटा आरोप केला तर? शाळा आतून माहीत असणाराच असं बोलेल असं मला वाटायचं. रेगनकडून तर अजिबात अपेक्षा नव्हती. ७ नोव्हेंबर १९७८ ला प्रस्ताव पडला. विरोधात ५८ टक्क्यांवर मतं. खुद्द ऑरेंज काउंटीतही हार. वीस दिवसांनी मिल्क यांचा खून झाला, आणि त्या लढाईला कायमचं स्थान मिळालं.

काका इथवर ऐकतात आणि म्हणतात, "बघ, पडलाच ना!"

थांबा काका. त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर ब्रिग्जचा दुसरा प्रस्ताव होता. क्रमांक ७.

खरं तर मृत्युदंडाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी आणलेला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांचा नकाराधिकार ओलांडून विधिमंडळाने मंजूर केलेला. ब्रिग्जला तो मवाळ वाटला. त्याने डोनाल्ड हेलर या माजी सरकारी वकिलाकडून नवा मसुदा लिहून घेतला. ज्या खुनांना मृत्युदंड देता येतो त्यांची यादी लांबवली. पहिल्या दर्जाच्या खुनाला जन्मठेप होती, पण सात वर्षांनी पॅरोल, म्हणजे अटींवर सुटका, मागता यायचा. ते झालं किमान पंचवीस. दुसऱ्या दर्जाच्या खुनाला पाच, सहा किंवा सात वर्षं असायची. ती झाली पंधरा ते जन्मठेप. सगळं लक्ष सहा नंबरवर होतं. सातला सुमारे ७१ टक्के मतं पडली.

आणि गंमत इथे आहे, म्हणजे गंमत कसली. लोकांनी मतदानाने केलेला कायदा विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही. त्या कायद्यातच तशी मुभा नसेल, तर पुन्हा लोकांकडेच जावं लागतं. म्हणजे एका आमदाराचा मसुदा पुढच्या प्रत्येक विधिमंडळाच्या डोक्यावर बसला. २०१२ मध्ये मृत्युदंड रद्द करण्याचा प्रस्ताव आला, ४८ टक्क्यांवर अडला. त्याचा प्रचार कोण करत होतं? मसुदा लिहिणारे हेलर. आणि ब्रिग्जचा मुलगा रॉन, जो १९७८ मध्ये बापाच्या मोहिमेत होता आणि आता एल डोराडो काउंटीचा सुपरवायझर, म्हणजे तिच्या कारभारी मंडळाचा निवडून आलेला सदस्य झाला होता. खर्च अफाट, खटले संपता संपत नाहीत, खून झालेल्यांच्या घरच्यांना तारखांमागून तारखा, असं त्याचं म्हणणं. लिहिणाऱ्याने हात झटकले, घरातल्या पोराने झटकले. कायदा जागचा हलला नाही.

२०१६ ला मी ६२ ला 'हो' आणि ६६ ला 'नाही' केलं. दोन्हीकडे हरले. १९७८ पासून कॅलिफोर्नियात मृत्युदंड प्रत्यक्षात दिला गेला तो तेराच जणांना, शेवटचा जानेवारी २००६ मध्ये; आणि २०१९ ला गव्हर्नर न्यूसम यांनी अंमलबजावणी थांबवली तेव्हा त्या शिक्षेचे ७३७ कैदी होते. थांबवली, रद्द नाही केली. ते त्यांच्या हातातच नाही. रिचमंडच्या पुलावरून सॅन राफेलकडे जाताना, त्यातले बहुतेक कैदी जिथे ठेवले होते तो सॅन क्वेंटिनचा फिकट पिवळा तुरुंग पाण्याकाठी दिसतो. लांबून एखादं जुनं हॉटेल वाटावं असा. मागच्या सीटवरून भाचीने विचारलं, "मावशी, तिथे राहायला मिळतं का?"

परवा काकांना हे सगळं ऐकवलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, पण तो ब्रिग्ज शेवटी पडला की नाही?"

नाही काका. १९८१ मध्ये त्याने आपणहून राजीनामा दिला आणि सॅक्रमेंटोत, राज्याच्या राजधानीतच, लॉबिस्ट झाला, म्हणजे पैसे घेऊन आमदारांकडे इतरांची बाजू मांडणारा. २०२० च्या मार्चमध्ये वारला, नव्वदाव्या वर्षी.

"म्हणजे पडलाच नाही," काका म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.