बायपासनंतरच्या उलट्या आणि फोनवरचं एकच उत्तर

दीड वर्ष झालं बायपास करून. हार्टची नव्हं, वजन उतरवायला करतात ती पोटाची, हे आधीच सांगतो, कारण गल्लीतली निम्मी माणसं अजून मला 'हार्ट कसंय आता' म्हणून विचारतात. वजन १३८ होतं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४९, शुगर इन्सुलिनवर. आज ९२ आहे आणि इन्सुलिन महिन्याभरात बंद झालं. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी चालत घरी आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

राग आहे तो पुढचा. पाचव्या आठवड्यात, ऐन दिवाळीत, उलट्या सुरू झाल्या. आधी मऊ भात अडकायचा, मग पातळ वरण, मग पाणीसुद्धा. घशाखाली छातीच्या मध्यभागी काहीतरी बसल्यागत व्हायचं, तोंडाला फेसाळ लाळ सुटायची आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. हॉस्पिटलच्या फॉलोअपच्या नंबरवर फोन केला तर पोरगी म्हणाली, "सर, सावकाश चावून खा." दुसऱ्यांदा केला, "सर, तुम्ही घाई करताय, चावून खा." म्हटलं अहो ताई, पाणी कसं चावू? तर म्हणे तुमची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा डॉक्टरांना सांगा. असे सात फोन झाले, आणि खरं सांगतो, पाचव्या फोनपर्यंत मलाच वाटायला लागलं की आपलीच जीभ चुकतीय, घरात चकली-चिवड्याचा वास आणि माणूस हावरट, दुसरं काय. आई तर पदर डोळ्याला लावून, "एवढंसं तरी खा रं," म्हणत बसायची.

बायको मात्र शहाणी. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक उलटीला तारखेच्या चौकोनात एक 'उ' लिहायला सुरुवात केली. एका चौकोनात अकरा 'उ' झाले, त्यात माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या, तशी ती म्हणाली, "अहो, फोन बास झाला, उठा." ते पान फाडून घेतलं आणि अपॉइंटमेंट नसताना थेट ओपीडीच्या दारात जाऊन बसलो. सर्जननी पान बघितलं, एक शब्द न बोलता दुपारीच एंडोस्कोपी लावली. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून आतड्याला जोडतात, तो जोड आकसला होता, दुर्बीण पलीकडं जाईना. दुर्बिणीतूनच फुगा घालून, तो फुगवून जोड रुंद केला, दोन आठवड्यांनी परत एकदा, आणि संपलं. पहिल्या फुग्यानंतर संध्याकाळी औषधाच्या टोपणानं पाणी प्यायलो, ते सरळ खाली गेलं, मी रडलो.

हा त्रास ओळखीचा आहे, बहुतेक वेळा फुग्यानंच सुटतो. तीन आठवडे काढायची गरजच नव्हती. पाणी अडकतंय म्हणजे चावण्याचा प्रश्न नाही, एवढं फोनवरच्या माणसाला शिकवायला काय लागतं? आणि सतत उलट्या असतील तर बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी, ग्लुकोजचं सलाईन नंतर, मला तसंच दिलं. उलटं केलं तर मेंदूला धोका असतो म्हणे.

बाकी आठवतंय तसं सांगतो. ऑपरेशनच्या आधीचा पातळ आहार काटेकोर पाळा, लिव्हर आकसतं आणि सर्जनला आत जागा मिळते. चौथ्या महिन्यात केस गळाले, परत आले. गुऱ्हाळावर मित्रांच्या नादानं गरम काकवी चाटली, पंधरा मिनिटांत घाम, धडधड, जुलाब, तिथंच बाजेवर आडवा. याला डंपिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरतं त्यानं. तांबडा रस्सा चालतो, पण चार चमचे, भाताचा डोंगर विसरा. जेवताना पाणी नको. दाढ दुखली तर ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका, जोडावर अल्सर होतो, डेंटिस्टला आधीच सांगा. तंबाखू तर सोडाच, इथं कोल्हापुरात गंगावेशीत बसून हे सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. आणि वर्षा-दोन वर्षांनी पोटात अचानक जोरात कळ आली तर गॅस म्हणून सोडा पिऊ नका, आतडं आत अडकलेलं असू शकतं, ऑपरेशनचे कागद घेऊन रात्रीच पळा.

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास. चहाबरोबर लोह नाही, हे मी सहा महिने चुकीचं करत होतो, हिमोग्लोबिन उतरल्यावर कळलं.

फोनवाली पोरगी अजून तिथंच आहे. परवा रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा ओळखून म्हणाली, "सर, आता जेवण जातंय ना?"