पालर्मोचं चॅपल, सिंहासनाच्या बाजूने

इटलीच्या सिसिली बेटावर मी मराठी आणि हिंदी गटांसाठी गाईडचं काम करते. पालर्मो शहरातल्या नॉर्मन राजांच्या राजवाड्यात कापेल्ला पालातिना, म्हणजे राजवाड्याचं चॅपल आहे. तिथे त्या दिवशी दुपारी लग्न होतं. आम्हाला मिळाला जेमतेम अर्धा तास. एरवी आत शिरताच माणसं पूर्वेकडे, घुमटातल्या सोनेरी ख्रिस्ताकडे खेचली जातात, आणि वेळ संपतो तो तिथेच. त्या दिवशी मी गटाला आधी उलट बाजूला नेलं, पश्चिमेच्या भिंतीपाशी.

तिथे पायऱ्यांवरचा चौथरा आहे, राजाच्या सिंहासनाचा. रॉजर दुसरा 1130 च्या नाताळात सिसिलीचा राजा झाला आणि 1140 मध्ये त्याने हे चॅपल संत पीटरला अर्पण केलं. सिंहासनामागच्या भिंतीवर वर ख्रिस्त बसलेला आहे, एका बाजूला पीटर, दुसऱ्या बाजूला पॉल. म्हणजे राजा बसायचा तो बरोबर ख्रिस्ताच्या खाली. दरबारासाठी आलेला माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा राहायचा, ती वेदीच्या बरोबर विरुद्ध दिशा. एका इमारतीत दोन तोंडं आहेत, पूर्वेचं देवाचं आणि पश्चिमेचं राजाचं. हे समजलं नाही तर मधला भाग नुसता दागिन्यांचा ढीग वाटतो.

मग माना वर. मधल्या दालनाचं छत लाकडी आहे. मध्यभागी आठ टोकांच्या चांदण्यांच्या दोन रांगा, आणि कडेला मधाच्या पोळ्यासारखे एकातून एक उतरत आलेले कोनाडे, म्हणजे मुकर्नस. गटात सुतारकाम करून निवृत्त झालेले एक काका होते. दुर्बीण लावून ते बराच वेळ एकाच कोपऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे कशावरच टेकलेलं नाही. नुसतं टांगलंय. फळ्यांचे सांधे दिसतायत बघा."

अगदी बरोबर. ती कोरलेली भरीव तुळई नाही. पातळ फळ्यांचे छोटे छोटे तुकडे जोडून कवच तयार केलंय. ते वरच्या, न दिसणाऱ्या छपराच्या लाकडांना टांगलेलं आहे आणि भार सगळा त्या छपरावर. फळ्यांवर पांढरा लेप, त्यावर रंग. म्हणून याचा शत्रू एकच, पाणी. वरचं छप्पर गळलं की आधी लेप सुटतो आणि लेपाबरोबर चित्रही जातं. जुन्या डागडुज्यांमध्ये काही आकृत्या नव्याने रंगवल्या गेल्या, त्यामुळे शेजारी शेजारी दोन वेगळ्या चित्रकारांचं काम दिसतं. 6 सप्टेंबर 2002 च्या भूकंपाने इमारतीला धक्का बसला. नंतरचं मोठं जतनकाम 2008 मध्ये पुरं झालं.

चित्रांत काय आहे? पेला हातात घेऊन बसलेली माणसं, वादक, नर्तकी, बुद्धिबळ खेळणारे दोघे, हत्ती, उंट. कडांना कुफी या जुन्या, कोनदार वळणाच्या लिपीत अरबी शुभेच्छा. ख्रिस्ती राजाच्या देवघरात हे कसं, असं प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. मला यात विसंगती वाटत नाही. हे राजाच्या दालनाचं छत आहे आणि त्या काळात दरबाराचं वैभव दाखवण्याची सगळ्यांत तयार भाषा भूमध्य समुद्राच्या मुस्लिम दरबारांकडे होती. फिलागाथोस या ग्रीक धर्मोपदेशकाने राजासमोर इथे केलेलं प्रवचन उपलब्ध आहे. त्यात तो छताला चांदण्यांनी भरलेलं आकाश म्हणतो, जमिनीला कधी न कोमेजणारं फुलांचं कुरण, आणि दिव्यांच्या झगमगाटाचं वर्णन करतो. छत त्या दिव्यांच्या उजेडासाठीच रंगवलेलं. म्हणून फोनच्या फ्लॅशचा उपयोग नाही. दुर्बीण आणा.

नंतर पूर्वेकडे. तिथला भाग पायऱ्यांनी उंच आहे. घुमटाच्या बुडाशी ग्रीक लेखात 1143 साल आहे. मधल्या दालनाच्या भिंतींवर लॅटिन लेखांसह बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा आहेत, पण त्या नंतरच्या, रॉजरचा मुलगा विल्यम पहिला याच्या काळातल्या. वेदीच्या उत्तरेकडच्या भिंतीत वर राजाचा सज्जा होता, असं अभ्यासक मानतात. समोरच्या दक्षिण भिंतीवर ख्रिस्तजीवनाचे प्रसंग दाटीने मांडलेत, ते सज्जातून बघणाऱ्याच्या नजरेला बरोबर येतात. सणाच्या दिवशी राजा सिंहासन सोडून तिथून उपासना बघायचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, कारण खालून बघताना त्या भिंतीची मांडणी वाकडी वाटते.

भिंतींच्या खालच्या पट्ट्यातला संगमरवर लोक बघतच नाहीत. त्यात बसवलेल्या लाल-जांभळ्या दगडाच्या चकत्या पोर्फिरीच्या आहेत, सम्राटांचा दगड. वेदीजवळची सुमारे साडेचार मीटर उंचीची ईस्टरची संगमरवरी दीपमाळही तशीच राहून जाते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: रविवारी सकाळी प्रार्थना असते, आणि राजवाड्यात सिसिलीची विधानसभा भरते, म्हणून राजदालनं काही दिवस बंद राहतात. वेळा आधी तपासा. बाहेर पडताना चॅपलच्या भिंतीतली 1142 ची पाटी शोधा. रॉजरने बसवलेल्या पाण्याच्या घड्याळाची ती नोंद आहे, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत.