आमची वाटचाल : आधी दोष शोधायचा, मग भाग घ्यायचा

दोन टेबलं, एक मल्टीमीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि बंद पडलेल्या मशिनींतून काढून ठेवलेले सुटे भाग. एवढ्या भांडवलावर मी आणि माझ्या भागीदाराने संगणक दुरुस्तीचं काम सुरू केलं. तेव्हा हार्ड डिस्कला रुंद पट्टीसारखी आयडीई केबल असायची आणि ५१२ एमबी रॅम असलेल्या मशीनला लोक दणकट समजायचे. आमच्याकडे येणारी माणसं मात्र तेव्हा होती तशीच आजही आहेत. नवा संगणक घेणं परवडत नाही आणि संगणकावाचून काम अडतं, अशी.

पहिल्याच वर्षातली एक चूक सांगायलाच हवी, कारण आमच्या कामाची पद्धत तिच्यातूनच घडली. घरी टायपिंगची कामं घेणाऱ्या एक बाई मशीन घेऊन आल्या. काम करता करता मध्येच रीस्टार्ट होतं, अशी तक्रार होती. आम्ही आधी फॉरमॅट मारला. दोन दिवसांत मशीन परत. मग रॅम बदलली. पुन्हा परत. शेवटी मदरबोर्डच गेलाय असं सांगून दुसरा बोर्ड बसवला आणि त्याचे पैसेही घेतले. आठवड्याने बाई पुन्हा दारात. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, नेमकं काय झालंय ते तुम्हाला तरी कळलंय का?"

कळलं नव्हतं. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा मशीन नीट मोजलं. मल्टीमीटरची काळी पिन वीज पुरवणाऱ्या मोलेक्स कनेक्टरच्या काळ्या वायरवर, लाल पिन पिवळ्या वायरवर. मशीन नुसतं चालू असताना १२.०४ व्होल्ट. मग मोठी फाइल कॉपीला लावली, सीडी फिरती ठेवली, प्रोसेसरलाही काम दिलं. आकडा उतरायला लागला. ११.५, ११.२, आणि १०.९ च्या आसपास येताच स्क्रीन काळी झाली. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६. दोष एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात होता. बोर्ड आणि रॅम पहिल्यापासून ठणठणीत होती. आम्ही बाईंचा मूळ बोर्ड परत बसवला, एसएमपीएस बदलला आणि बोर्ड-रॅमचे पैसे परत केले. महिन्याचं गणित कोलमडलं, पण दुसऱ्या दिवसापासून एक वही उघडली. मशीन काय म्हणतं, आम्ही काय मोजलं आणि त्यानंतर काय बदललं, हे याच क्रमाने लिहायचं. मोजल्याची नोंद नसेल तर भाग बदलायचा नाही.

या वहीने आम्हाला शिकवलं की निम्म्याहून जास्त वेळा नवा भाग लागतच नाही. डिस्प्ले येत नाही म्हणून आलेल्या मशीनची आधी प्लग काढून धूळ उडवायची, रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे आणि खाच जुळवून दोन्ही बाजूंचा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची. तरीही काही नाही, तर सगळं काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढंच ठेवायचं. बोर्डाला छोटा स्पीकर जोडून रॅमशिवाय चालू करून पाहायचं. बीप आला तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, पुढचा संशय रॅमवर. इथे पोहोचायला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात आणि एक पैसाही खर्च होत नाही.

घड्याळ सतत मागे जातं, वेबसाइट सुरक्षित नसल्याचे इशारे दिसतात, अशी तक्रार असेल तर आम्ही आधी बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल मोजतो. नवा असताना तो ३ व्होल्टच्या थोडा वरच असतो. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं. अशा कित्येक मशिनींवर याआधी दोन-दोनदा विंडोज टाकून झालेलं असतं.

२००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांनी आमचं सोल्डरिंग पक्कं करून घेतलं. त्या काळात जगभरच्या अनेक बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर बसले होते. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या छोट्या डब्यांची डोकी सपाट हवीत. ती फुगलेली दिसली, किंवा डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी चिकट द्रव सुकलेला दिसला, की दोष सापडला. बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि लो ईएसआर (कमी अंतर्गत रोध) प्रकारचाच घ्यायचा. उणे टोकाची पट्टी बोर्डावरच्या खुणेशी दोनदा पडताळून मगच टाका घालायचा. बोर्ड बदलण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, हे आम्ही प्रत्येकाला कळकळीने सांगतो. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

एका प्रसंगाचं दुःख अजून आहे. संशोधन करणाऱ्या एका मुलीची हार्ड डिस्क टकटक आवाज करत होती. आम्ही ती तपासायला म्हणून पुन्हा पुन्हा चालू केली, एरर दुरुस्त करणारी तपासणीही चालवली. तिसऱ्या दिवशी डिस्क पूर्ण गेली आणि तिच्या दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. त्यानंतर डिस्कवर शंका आली की पहिलं काम डेटाची प्रत काढण्याचं. नंतर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे आकडे. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर त्या डिस्कवर आम्ही एक फाइलही ठेवू देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं एसएसडीमुळे, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमुळे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद, आणि सुई सरकायला आणखी आठ-नऊ. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचते. एसएसडीत हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. जुन्या बोर्डावर डिस्कसाठी साटा २ ही जुनी, हळू जोडणी असली तरी फरक जाणवतोच, कारण रोजच्या वापरात वेगापेक्षा ही वाट पाहणंच छळतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड जुन्या आयडीई पद्धतीवर असेल तर तो विंडोज टाकायच्या आधीच नव्या एएचसीआय पद्धतीवर न्यावा. आधीच टाकलेल्या विंडोजमध्ये तो तसाच बदलला तर मशीन सुरूच होत नाही, निळी स्क्रीन येते.

"रॅम वाढवून द्या" ही आमच्याकडची सर्वांत जास्त येणारी मागणी, आणि आम्ही सर्वांत जास्त वेळा नाकारलेलीही हीच. गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, त्याचे नेहमीचे प्रोग्राम उघडायला सांगायचे आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघायची. निम्मी रॅम रिकामी असेल आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल, तर पैसा एसएसडीत घालायचा. मेमरी खरोखर भरत असेल तर रॅम घ्यावी, पण बोर्डाला चालणारीच. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. शिवाय ३२-बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते. हे न सांगता रॅम विकणं आम्हाला पटत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं पाऊल आम्ही सर्वांत शेवटी टाकतो. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. एसएमपीएसवर छापलेला एकूण वॉटचा आकडा बघून भागत नाही, १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर आहेत ते वाचावं लागतं. काही तयार ब्रँडेड मशिनींत तर एसएमपीएसची पिनच वेगळी असते, म्हणून आम्ही आधी कॅबिनेट उघडून फोटो मागवतो.

२०२० मध्ये मुलांची शाळा अचानक घरच्या स्क्रीनवर आली, तेव्हा माळ्यावर टाकलेली मशिनं आमच्याकडे रांगेने आली. सुट्या भागांचा तुटवडा होता. दोन मृत मशिनींतून एक चालतं उभं करायचं, असं महिनोन्महिने चाललं. रात्री उशिरापर्यंत प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलणं आणि पंखे साफ करणं, एवढ्यावरच कितीतरी मशिनं पुन्हा वर्गात बसण्याजोगी झाली. कामाचं समाधान मला तेवढं क्वचितच मिळालं असेल.

सध्या टेबलावर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. नवा संगणक घ्यायला निघालेल्या माणसाला आम्ही आधी बायोस उघडून दाखवतो, कारण पुष्कळ बोर्डांत टीपीएम असतंच, फक्त बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. प्रोसेसरच यादीत नसेल तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवतो आणि त्यांची रोजची कामं त्यांच्याकडूनच करून घेतो. छपाई, मेल, पत्रं, व्हिडिओ. जमलं तर तेच टाकतो. लेखांकनाचं एखादं खास सॉफ्टवेअर अडलं तर मशीन बदला म्हणून स्पष्ट सांगतो.

आता आम्ही पाच जण आहोत. नव्या मुलाच्या हाती पहिल्या महिन्यात स्क्रूड्रायव्हर देत नाही. तो गिऱ्हाइकाजवळ बसतो, बिघाड कधी सुरू झाला, त्याआधी काय बदललं होतं, नक्की काय करताना होतो, हे विचारतो आणि वहीत लिहितो. आमची ही सतरावी वही चालू आहे.