बीमवर लेक, जमिनीवर मी

आज लेकीला पहिल्यांदा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला नेलं. दोन वर्षांची आहे, त्यामुळे सोबत पालक हवाच असा तिथला नियम. मला तो फार पटला. बाकावर बसून मोबाइल बघायचा नाही, आपणही मॅटवर, अनवाणी!

स्पर्धेतला बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी, सव्वा मीटर उंच असतो, रुंदी जेमतेम 10 सेंटीमीटर. इथला मात्र फोमचा, जमिनीवरच ठेवलेला. लेक आधी माझं बोट घट्ट धरून खेकड्यासारखी आडवी चालली. मधेच थांबली, वाकून स्वतःचे पाय बघितले, अंगठे फोममध्ये रुतवले आणि बोट सोडून दिलं. मी लगेच पुढे सरसावले, तर शिकवणाऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "धरू नका, नुसता हात जवळ ठेवा."

बारला लटकताना मुलाला कमरेशी धरायचं, मनगटाला धरून ओढायचं नाही, हे त्यांनी पालकांना आधी शिकवलं. या वयात हाताला हिसका बसला तर कोपराचा सांधा सरकू शकतो. घरात येता-जाता आपण मुलांना हाताला धरून उचलतो, ते प्लीज थांबवा.

जागतिक आरोग्य संघटना 1 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सांगते. फ्लॅटमध्ये ती होणार कुठे? म्हणून हा वर्ग. पदकांची घाई मुळीच नाही. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकरनेही सहाव्या वर्षी सुरुवात केली होती, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी) चौथी आली.

पुढच्या शनिवारी बाबा नेणार आहे. कोलांटीउडी त्याच्या वाट्याला!