टॉवेलखालचा ॲम्प्लिफायर

सोलापुरात घरातली किमती वस्तू उघडी ठेवायची पद्धत नाही. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनवर जुन्या चादरीचा तुकडा आणि बैठकीतल्या ॲम्प्लिफायरवर हमखास टॉवेल. गाव टॉवेल-चादरींचं, कापडाला काय तोटा! धूळ बसू नये हा हेतूही चांगलाच. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी तर कापसाचा रुवा हवेतच असतो. पंख्याच्या पात्यांपासून देवाच्या तसबिरीपर्यंत सगळ्यांवर तो सारखाच बसतो. पण ॲम्पच्या झाकणाला पाडलेल्या फटी शोभेच्या नसतात. त्यांच्यावर टॉवेल पडला की आत शिजतात ते कंडेन्सर.

कपॅसिटर हा पुस्तकातला शब्द. दुकानात तो कंडेन्सरच, मग पंख्याचा असो, मोटारीचा असो की ॲम्पचा. ॲम्पमधला मोठा नळकांड्यासारखा असतो तो इलेक्ट्रोलायटिक. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मधे द्रवात भिजवलेला कागद, आणि सगळ्याची सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो, खरं काम तो करतो. बुडाला रबराचं बूच. या बुचातून आतला द्रव वर्षानुवर्षं वाफ होऊन निसटत राहतो. जितकी उष्णता जास्त, तितकं निसटणं जास्त.

हिशेब सोपा आहे. अंगावर 85 अंश, 2000 तास असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ 85 अंशांवर, पूर्ण भारात, तेवढेच तास. तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. पेटीच्या आत 65 अंश धरले तर 8000 तास. रोज चार तास गाणी लावणाऱ्या घरात साडेपाच वर्षं. त्याच जागी 105 अंशांचा, 2000 तासांचाच घातला तर 32000 तास, म्हणजे बावीस वर्षं. आता मे महिना घ्या. बाहेर 42-43, खोलीत 38, वर टॉवेल. आत 75 झाले तर 85 वाल्याचे तास उरतात 4000, पावणेतीन वर्षं. घरचा भार हलका असतो म्हणून प्रत्यक्षात तो याहून बराच जास्त टिकतो. तरीही एक गोष्ट पक्की: सोलापुरात 85 अंशांचा कंडेन्सर विकत घ्यायला काही कारण नाही. किमतीतला फरक दोन प्लेट भज्यांइतकाही नसतो.

म्हातारा झालेला कंडेन्सर आधी आवाजातून बोलतो. घूं असा एक सूर येतो. आपली वीज 50 हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवणाऱ्या चार डायोडांतून, ती पुढे जाते तेव्हा 100 चे धक्के होतात, आणि ते पोटात घेऊन सपाट करणं हे फिल्टर कंडेन्सरचं काम. ते जमेनासं झालं की तो 100 चा सूर स्पीकरमधून येतो. ओळखायची खूण अशी: आवाजाचं बटण शून्यावर आणूनही घूं तसंच राहिलं, तर संशय फिल्टरवर. बटणाबरोबर वाढलं-कमी झालं, तर आधी मागची आरसीए वायर, म्हणजे गाणं पेटीत आणणारी वायर, हलवून बघा. बऱ्याचदा तिची जाळी तुटलेली असते आणि पेटी उघडायची गरजच पडत नाही. मेकॅनिकचं "कंडेन्सर उतरलाय बघा ओ मालक" हे वाक्य खरं असतं, पण ते कान देऊन ऐकल्यावर म्हटलेलं असावं, न ऐकता नव्हे.

उघडल्यावर डोळ्यांना दिसतं ते अर्धंच. वरचं टोपण फुगलेलं असेल तर प्रश्न मिटला. सपाट असेल तरी निर्दोष म्हणता येत नाही. साध्या मल्टिमीटरवर 4700 एमएफडीचा (मायक्रोफॅरड, साठवणक्षमतेचं माप) कंडेन्सर 4300 दाखवतो, माणूस खूश होतो. पण द्रव आटल्यामुळे त्याचा आतला रोध, म्हणजे ईएसआर, दहापट झालेला असू शकतो. तो पाहायला वेगळा ईएसआर मीटर लागतो. 4700 एमएफडी, 50 व्होल्टचा धडका कंडेन्सर ओहमच्या दशांशाखालीच राहतो. अर्धा ओहम दाखवला की तो गेला. आणखी एक फसवणूक: जुन्या जपानी सेटमध्ये मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून बुडाशी पिवळा डिंक ओतलेला असतो. उष्णतेने तो तपकिरी पडतो आणि लोकांना वाटतं कंडेन्सर गळला. गळलेला नसतो. मात्र तो जळका डिंक वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो, म्हणून खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचाच.

हात घालण्याआधी पिन सॉकेटमधून काढायची. स्विच बंद करणं म्हणजे काढणं नव्हे. मग फिल्टर कंडेन्सर रिकामे करायचे. काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा टाकतात. फटाका वाजतो, टोक वितळतं, कंडेन्सरच्या आतल्या जोडालाही हिसका बसतो. 100 ओहम, 5 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन्ही टोकांना दहा सेकंद धरला की काम शांतपणे होतं. वायरी चिमट्याच्या घ्या, बोटांच्या नको. नंतर मीटर लावून एक व्होल्टच्या खाली आलंय याची खात्री. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो. बोर्डावरच्या छपाईवर भरवसा ठेवू नये, कारण काही कंपन्या अधिकची खूण छापतात, काही उण्याची बाजू रेघांनी भरतात. कंडेन्सरवर मात्र पट्टा नेहमी उण्याच्या बाजूला. उलटा बसलेला कंडेन्सर आधी गरम होतो, मग फुगतो, मग खोलीभर मासळीसारखा वास.

निवडताना एमएफडी, व्होल्ट आणि अंग, हे तीन आकडे. ट्रान्सफॉर्मर 24-0-24 चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे 24 व्होल्ट देणारा, असेल तर कंडेन्सर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो: 24 ला 1.414 ने गुणून 34 व्होल्ट. रात्री लाइन 250 पर्यंत चढते, गाणं थांबलेलं असतं, भार नसतो. तेव्हा तेच 34 सहज 39-40 होतात. म्हणून तिथे 35 चा बसवणारा स्वतःला फार हुशार समजत असतो. 50 चाच हवा, 63 चा मावला तरी चालेल. आता एमएफडी. 2 अँपिअर खेचलं तर 4700 वर लहर, म्हणजे सपाट न झालेला चढउतार, साधारण 4 व्होल्टची, 6800 वर 3 ची, 10000 वर 2 ची. हे वाचून लगेच 22000 चा मोह होतो. पण रिकामा कंडेन्सर चालू करताक्षणी जवळजवळ शॉर्टच असतो. जितका मोठा, तितका सुरुवातीचा झटका मोठा. फ्यूज उडतो, ब्रिज तापतो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. मूळ आकड्याच्या दीडपट, फार तर दुप्पट, तिथे थांबावं. जुन्या चार डायोडांऐवजी 25 अँपिअरचा धातूच्या अंगाचा ब्रिज त्याच वेळी घालून टाकला तर उत्तम. तिसरा आकडा अंगाचा, तोच लोक विसरतात. 35 मिलिमीटर जाडीचा कंडेन्सर 30 च्या गोलात बसत नाही. पायांमधलं अंतर लहान कंडेन्सरना 2.5 किंवा 5, मोठ्या खटकन बसणाऱ्यांना 10 मिलिमीटर. मोजपट्टी लावूनच यादी करावी.

मग ती यादी खिशात घालून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ उतरंडीसारख्या रचलेल्या दुकानांत निचिकॉन, रुबीकॉन, पॅनासोनिक असं सगळं मागता येतं, रात्रीच्या गाडीने परत. मागता येतं म्हणजे मिळतंच असं नाही. बाहेर मोठं नळकांडं आणि आत चिमुकला कंडेन्सर अशी जुळवाजुळव बाजारात असते. हातात घेऊन वजन बघा, छपाई नखाने खरवडून बघा, मीटर बरोबर न्या. नावाचा हट्ट नको असेल तर केरळचा केल्ट्रॉन घरच्या ॲम्पला पुरेसा चांगला.

गाण्याच्या वाटेतले छोटे कंडेन्सर, 1 ते 10 एमएफडीचे, हा वेगळा विषय. तिथे 1 एमएफडीपर्यंत पॉलिस्टरचा डबीसारखा फिल्म कंडेन्सर बसतो; त्यात द्रवच नाही, तर आटणार काय? 10 चा फिल्म मात्र काडेपेटीएवढा होतो आणि लांब पाय करून लटकवला की घरघर पकडतो. तिथे चांगला इलेक्ट्रोलायटिकच बरा. पिकोफॅरडचे चकतीसारखे सिरॅमिक मुळीच काढू नयेत. ते म्हातारे होत नाहीत, आणि काढले किंवा आकडा बदलला तर ॲम्प ऐकू न येणाऱ्या सुरात थरथरायला लागू शकतो, नुसता बसल्या जागी तापतो.

स्पीकरच्या पेटीतला क्रॉसओव्हर, म्हणजे बारीक आणि जाड सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारी जोडणी, लोक विसरतात, खरं तर तिथे फरक सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. ट्वीटरला, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरला, जोडलेला 4.7 किंवा 6.8 चा कंडेन्सर दोन्ही बाजूंनी चालणारा, म्हणजे बायपोलर असतो. तो काढून पॉलिप्रॉपिलीनचा, त्याच आकड्याचा घालावा. घातल्यावर झांजा टोचायला लागल्या तर घाबरू नका: जुन्याचा आतला रोध गेला, एवढंच. 0.33 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की जुना गोडवा परत येतो.

सगळं जोडून झालं की थेट सॉकेटमध्ये घालायचं नाही. प्रत्येक मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, पिवळा तारेचा बल्ब लावलेला; वीज त्या बल्बमधून जाऊनच ॲम्पला मिळते. 60 किंवा 100 वॅट. एलईडीचा चालत नाही, आणि तारेचा बल्ब आता शोधावा लागतो, म्हणून मिळेल तेव्हा दोन घेऊन ठेवावेत. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर कंडेन्सर भरले. भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा, आणि आधी उलटा कंडेन्सर शोधा. स्पीकर अजून जोडलेले नसावेत. अधिक आणि उणे, दोन्ही बाजूंचे व्होल्ट सारखे आहेत का, आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी 50 मिलिव्होल्टच्या आत आहे का, हे पाहिल्यावरच गाणं.

आता पॉवर कॉर्ड. या विषयावर आवाज चढतात. जाडजूड, जाळी विणलेल्या, ॲम्पहून महाग कॉर्डही विकल्या जातात. पण घरी ऐकताना ॲम्प अर्धा अँपिअरसुद्धा खेचत नाही. 0.75 स्क्वेअर एमएम तांब्याच्या दीड मीटर कॉर्डचा जाऊन-येऊन रोध 0.08 ओहमच्या आसपास. अर्ध्या अँपिअरला 40 मिलिव्होल्ट पडतात, 230 व्होल्टमधून! शेजारचे माग सुरू-बंद होताना लाइन याच्या शेकडो पट हलते, आणि भिंतीतली वीस-तीस मीटर वायर तीच जुनी. सोनेरी पिन लावून शेवटचा दीड मीटर बदलल्याने त्या लाइनला काय कळणार?

म्हणून कॉर्ड बदलू नये असं नाही. कॉर्ड कडक होऊन चिरली असेल, पिन सैल असेल, पेटीत शिरते तिथे रबराचा बूच गेलेला असेल, तर बदललीच पाहिजे. 1 स्क्वेअर एमएम, तीन पदरी, आयएसआयची खूण असलेली घ्या. स्वस्त कॉर्डमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद किंवा ॲल्युमिनियम असतं. चुंबक चिकटला तर पोलाद, तारेवर ब्लेड फिरवून आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. तपकिरी लाइन, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग. जुन्या घरगुती जोडणीत लाल, काळा, हिरवा. सॉकेटकडे तोंड केलं की उजवीकडे लाइन असायला हवी. टेस्टर लावून बघा, कारण उलट जोडलेले सॉकेट कमी नाहीत. पेटीत लाइन सगळ्यात आधी फ्यूजवर, मग स्विचवर. आपल्या पिनमध्ये फ्यूज नसतो, त्यामुळे पेटीतला फ्यूज हा एकच रखवालदार. तो तार गुंडाळून बसवलेला दिसला तर बाकी सगळं सोडून आधी तो बदला.

कॉम्प्युटरच्या मागे असतो तसा तीन पिनांचा सॉकेट बसवायचा असेल तर स्क्रूंची भोकं 40 मिलिमीटर अंतरावर. कानस चालवताना बोर्डावर कागद चिकटवा. पत्र्याचा एक कीस दोन ट्रॅकमधे पडला तर पुढचे तीन रविवार गेले. अर्थिंगची वायर बॉडीला लावताना खालचा रंग खरवडायचा आणि दातेरी वॉशर घालायचा. रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे नुसता दागिना. मात्र मागे एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर तो सेट दुहेरी इन्सुलेशनचा; त्याला दोन पदरी कॉर्डच ठेवावी.

अर्थिंग जोडल्यावर घूं नव्याने उपटलं तर बहुतेक वेळा टीव्हीची केबल किंवा कॉम्प्युटर दुसऱ्या वाटेने अर्थिंग घेऊन आलेला असतो. उपाय म्हणून तिसरी पिन कापणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद. कापू नका. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा; तेवढ्याने भागलं नाही तर आरसीए वायरमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

तासभर गाणी झाली की सॉकेटमधल्या पिनेच्या प्लॅस्टिकला बोट लावून बघावं, गार हवं. झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, बदललेल्या कंडेन्सरची व्हॅल्यू आणि व्होल्ट लिहून टाकावेत. मागच्या फटींवरचा रुवा ब्रशने काढायचा, वर चार बोटं जागा मोकळी. टॉवेल रात्री, ॲम्प गार झाल्यावर.