चाळीस जणांची शपथ आणि एक भाचा

बायबल वाचताना मी सध्या एकच गोष्ट शोधतोय, कोण कोणाविरुद्ध काय शिजवतंय. माल भरपूर आहे. योसेफाचे भाऊ त्याला लांबून येताना बघतात आणि तो जवळ पोचायच्या आत याला मारायचा असं ठरवूनही मोकळे होतात, मग मारायचं राहतं आणि चांदीच्या २० नाण्यांना विकतात. पण तो घरातला मामला. मला जास्त मजा येते ती मोठ्या कटांत, कारण ते फुटतात कसे ते बघण्यासारखं असतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३. येशूचा प्रचार करणारा पौल यरुशलेमात रोमन सैन्याच्या गढीत अडकलाय आणि बाहेर ४० पेक्षा जास्त माणसं शपथ घेतात की याला मारल्याशिवाय अन्नपाणी शिवणार नाही. बरं शपथ घेतली तर गप्प बसावं की नाही, तर हे थेट मुख्य याजकांकडे आणि वडीलधाऱ्यांकडे जाऊन सांगतात, तुम्ही अजून चौकशी करायचीय म्हणून त्याला बोलवा, वाटेतच आम्ही बघतो त्याच्याकडे. आता इतक्या जणांना माहीत असलेली गोष्ट कट कसली, दवंडीच ती. पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानावर येतेच. पोराचं नावही दिलेलं नाही. तो गढीत जाऊन मामाला सांगतो, मामा त्याला सरदाराकडे पाठवतो, आणि तो रोमन सरदार पोराचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि विचारतो, काय सांगायचंय तुला? हे हात धरणं मला फार आवडतं. मग रात्री ९ च्या सुमारास २०० शिपाई, ७० घोडेस्वार आणि २०० भालेकरी, एवढा लवाजमा एका कैद्याला घेऊन कैसरियाकडे निघतो. (सरदार सोबत पत्र देतो त्यात, हा रोमन आहे कळलं म्हणून मी सोडवला, अशी थाप मारतो, खरं तर आधी साखळदंड घालून फटके मारायचा हुकूम यानेच दिलेला.) त्या ४० उपाशी लोकांचं पुढे काय झालं, पहिला घास कोणी कधी खाल्ला, यावर एक ओळ नाही.

अबशालोमाने बाप दावीद राजाविरुद्ध केलेल्या बंडातही तेच. दावीदाचे दोन निरोपे बहूरीम गावात एका विहिरीत लपतात आणि घरातली बाई विहिरीवर कापड पसरून वर धान्य टाकते, शोधणारे येतात, ती सांगते ओढा ओलांडून गेले, झालं. तिचंही नाव नाही.

कटाला हिब्रूत शब्द आहे केशेर, मूळ अर्थ बांधणं, गाठ मारणं. राणी अथल्या मंदिरात येते तर ७ वर्षांच्या योवाश या राजपुत्राला मुकुट घातलेला, आणि ती कपडे फाडून ओरडते, केशेर, केशेर! म्हणजे जिने राजघराण्यातली पोरं मारून ६ वर्षं गादी बळकावली तीच फितुरी म्हणून बोंबलतेय. यशया संदेष्ट्याला तर देव सरळ बजावतो की हे लोक ज्याला कट म्हणतात त्या सगळ्याला तू कट म्हणू नकोस.

पण एक कट फुटत नाही, आणि तोच मला झोपू देत नाही. नाबोथाचा द्राक्षमळा. अहाब राजाला मळा मिळत नाही म्हणून तो तोंड फिरवून जेवणखाण सोडून पडलेला, मग ईजबेल राणी कामाला लागते. ना शपथ ना अंधारातल्या गाठीभेटी. ती राजाच्या नावाने पत्रं लिहिते, राजाचाच शिक्का मारते, गावच्या वडीलधाऱ्यांना धाडते, की उपास जाहीर करा, नाबोथाला पुढे मानाने बसवा, समोर दोन नालायक बसवा, ते म्हणतील याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या, मग नेऊन दगडमार करा. दोन साक्षीदार हवेत हा नियमसुद्धा पाळलाय. आणि सगळं पत्रात लिहिल्याबरहुकूम होतं, एकही भाचा धावत येत नाही, कारण लपवलेलं काही नाहीच, सगळं ऑफिशियल.

एलीया संदेष्टा येतो, पण नाबोथ मेल्यावर, अहाब मळा ताब्यात घ्यायला उतरलाय तेव्हा.

पत्रं गेली अहाबाच्या नावाने, शिक्का अहाबाचा, पण काम झाल्यावर गावच्या वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला तो ईजबेलला. नाबोथाला दगडमार केला, तो मेला. म्हणजे पत्र कोणाचं आहे ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.